चव्वेचाळिसाव्या वर्षीचं केळवण

"गुरुवारी संध्याकाळी तुझं केळवण आहे माझ्याकडे. कामावरून परस्पर ये. आणि साडी नेस, ते पंजाबी ड्रेस-बीस नकोत," एवढं बोलून शालूआत्याने फोन ठेवून दिला. पद्मजाच्या हातात रिसीव्हर तसाच राहिला. काचेपलीकडे, औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, यंत्राच्या सहा काचपात्रांत सहा गोळ्या सावकाश विरघळत होत्या. पाणी माणसाच्या पोटाइतकं कोमट, वरून पाती एका लयीत फिरणारी, तळाशी प्रत्येक गोळीभोवती पांढरं धुकं. गोळी पोटात गेल्यावर किती वेळात विरघळेल ते पाहायचं, लिहायचं, पात्रं धुवायची आणि पुढच्या गोळ्या टाकायच्या. बी.एस्सी. झाल्यापासून ती हेच करत आली होती, आणि हे काम चांगलं होतं, यात तिला शंका नव्हती. केळवण, ती मनाशी म्हणाली. लग्न ठरलेल्या मुलीचं करतात ते केळवण. तिच्या वयाच्या बायका आता दुसऱ्यांच्या मुलींची केळवणं करत होत्या, जिलबी बाहेरून आणावी की घरी करावी यावर वाद घालत होत्या. आत्याला उलट फोन करण्यात अर्थ नव्हता. आत्या फोनवर सांगते, ऐकत नाही. समोरच्याने "पण" म्हणेपर्यंत फोन बंद झालेला असतो. घरातले याला तिचा शनिवारपेठी खाक्या म्हणतात. तिचं डोकं फिरलं की काय, हा पद्मजाच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा जास्त अस्वस्थ करणारा होता. बाबांनी आत्याला सांगितलेलं दिसतंय. म्हणजे बाबा या विषयावर बोलतात. फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

रविवारी सकाळी बाबा बाल्कनीत पेपर वाचत होते तेव्हा तिने विचारलं होतं, "बाबा, ती ठेव मोडू या का?"

"कोणती?"

घरात ठेव एकच होती. "ती," ती म्हणाली.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ती लग्नाची आहे."

"हो."

"मग मोडायची कशाला?"

"कॉलेजची फी भरायचीये. दोन वर्षांचा कोर्स आहे, ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायचा. माझं नाव लागलंय यादीत. शनिवारपर्यंत भरावी लागेल."

"नाव कुणाचं लागलंय?"

"माझं."

बाबा खाली रस्त्यावर पाहू लागले. बिबवेवाडीच्या त्या रस्त्यावर रविवारी सकाळी पाहण्यासारखं काही नसतं. एक फॅब्रिकेशनचं दुकान, एक इडलीची गाडी, आणि अपार्टमेंटच्या दारात कोण गाडी कशी लावतो यावरची भांडणं. तेवढं पाहून झाल्यावर ते "बघू" म्हणाले, पेपरची घडी घातली आणि स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करायला गेले. तो नळ सहा महिने गळत होता. बाबांना एखादी गोष्ट बोलायची नसली की घरातली दुरुस्तीची कामं निघतात, हे आई असल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. सोमवारी त्यांनी माळ्यावरच्या दिव्याचा होल्डर बदलला. मंगळवारी ती कामावरून आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर आंबा बर्फीचा पुडा होता, आणि तिला उत्तर मिळालं.

कारण त्या बर्फीचा इतिहास होता. पद्मजा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना बाबांनी वीज मंडळातल्या नोकरीतून थोडे थोडे बाजूला टाकून ती ठेव ठेवली होती, तिच्या लग्नासाठी. मुदत संपली की बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जात, व्याजासकट पुन्हा ठेवत आणि येताना आंबा बर्फी आणत. सुरुवातीला त्या बर्फीत थोडी घाई असे. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, असं आई म्हणायची. मग स्थळं येणं कमी झालं, मग थांबलं. शेवटचं स्थळ कोणतं ते तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. ते शेवटचं होतं हे बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना लक्षात येतं. आई गेली. बर्फी येत राहिली. बाबा काही बोलत नसत, पुडा टेबलावर ठेवत, आणि ती दोघं जेवणानंतर एकेक तुकडा खात. पद्मजाला त्यात कधी दुःख वाटलं नव्हतं, उलट बर्फी चांगली असायची. मात्र ही ठेव तिच्यासाठी असली तरी ती ज्या पद्मजासाठी होती ती कुणी वेगळीच आहे, आणि बाबा त्या दुसरीला अजून सोडायला तयार नाहीत, असं तिला वाटायचं. म्हणून मंगळवारी तो पुडा दिसला तेव्हा तिने काही विचारलं नाही. बाबा पुन्हा ठेव ठेवून आले होते. त्यांना नाही म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं. दोघांनी एकेक तुकडा खाल्ला. या वेळी वर्ख जरा जास्त होता.

तिने बाकीचे रस्ते आधीच पाहिले होते, ती तशी पद्धतशीर बाई होती. साठवलेलं सगळं फ्लॅटच्या हप्त्यांत आणि आईच्या आजारपणात गेलं होतं. प्रॉव्हिडंट फंडात दोन वर्षं घर चाललं असतं, फी निघाली नसती. बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर एक हसतमुख मुलगा होता. "पालक सहकर्जदार लागतात, मॅडम. त्यांना घेऊन या. वय काय त्यांचं?" तिने शहात्तर सांगितलं. मुलगा टाइप करता करता थांबला. "आजोबा चालत नाहीत. वडीलच लागतात." "वडीलच आहेत." "आणि विद्यार्थी?" "मी." मुलाने तिच्याकडे पाहिलं, संगणकाकडे पाहिलं, आणि अत्यंत आदराने म्हणाला, "सिस्टीम घेणार नाही, मॅडम." त्याच आठवड्यात ती शिवाजीनगरला कोर्टासमोर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडे गॅपचं प्रतिज्ञापत्र करायला गेली होती. शिक्षणात खंड पडला तर तो का पडला हे स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागतं. "किती वर्षांची गॅप?" टायपिस्टने विचारलं. ती म्हणाली, बावीस. त्याने चहाचा कप खाली ठेवला. "कारण काय घालू? लग्न?" "नाही." "आजारपण?" "नाही." "मग केलंत काय एवढं?" "नोकरी." "नोकरीला कुणी गॅप म्हणतं का हो?" असं स्वतःशीच पुटपुटत त्याने टाइप केलं, आणि ती घरी येईपर्यंत रिक्षात एकटी हसत होती. खरंच, नोकरीला काय म्हणायचं? तिला त्या सहा पात्रांचा कंटाळा आला नव्हता. फक्त फेब्रुवारीत, विज्ञान दिनाला, खालच्या मजल्यावरच्या नीरजाने तिला आपल्या शाळेत नेलं, आणि त्यानंतर ती पात्रं जरा लांब दिसू लागली होती.

नीरजा ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. "दोन-चार प्रयोग दाखवा हो, रंगबिंग बदलणारे," एवढंच तिने सांगितलं होतं. पद्मजाने चंबूत रंगहीन द्रव घेतला, वर नळी लावली आणि बोलायला सुरुवात केली, आणि तिच्या लक्षात आलं की वर्गातले सगळे डोळे तिच्या तोंडावर आहेत. चंबूकडे कुणीच पाहत नव्हतं. तिचा हात थांबला. त्यांना एका वेळी एकच पाहता येतं, तोंड किंवा चंबू. म्हणजे आधी बोलायचं, मग गप्प बसायचं, मग चंबू पुढे करायचा आणि थेंब टाकायचा. तिने तसं केलं. थेंब पडला, पाणी गुलाबी झालं, पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने दोन्ही हात हवेत फिरवले, आणि मग सगळे डोळे पुन्हा तिच्या तोंडावर आले, पुढचं ऐकायला. जन्मभर तिला सगळे म्हणत आले होते, जरा मोठ्याने बोल. शाळेत बाई, मुलाखतीत साहेब, पाहायला आलेल्या मुलाची आई. एका स्थळाच्या वडिलांनी तर जाता जाता दारात विचारलं होतं, "मुलीच्या घशाला काही त्रास आहे का?" आणि इथे तिला पहिल्यांदाच घसा लागत नव्हता. निघताना नीरजा म्हणाली, "तुमचं बोलणं मुलांना दिसतं हो. आमच्यातल्या कितीतरी जणींचं दिसत नाही. शिकून येत नाही ते." पुढच्या शनिवारी पद्मजा पुन्हा गेली, आणि त्याच्या पुढच्याही.

गुरुवारी साडी नेसून प्रयोगशाळेत गेल्यावर अख्ख्या मजल्याने कारण विचारलं. ती म्हणाली, नातेवाइकांकडे जेवण आहे, आणि ते खरं होतं. वरून पांढरा कोट घातला तरी निऱ्या खाली दिसत होत्या. दिवसभर ती एकच वाक्य जुळवत राहिली. 'आत्या, तू एवढं केलंस, पण माझं जायचं रद्द झालंय.' कितीही वेळा जुळवलं तरी ते वाक्य पुरणपोळीसमोर बोलण्यासारखं होत नव्हतं. बरं, हे केळवण तरी कशाचं? कॉलेजात जाणाऱ्या बाईचं केळवण करतात असं तिने ऐकलं नव्हतं, आणि न जाणाऱ्या बाईचं तर नाहीच. रिक्षा शनिवार पेठेत वळली तेव्हा तिच्या तळहातांना घाम आला होता. असाच घाम पोह्यांचा ट्रे धरताना यायचा, आणि हे आठवल्यावर तिला एकदम गंमत वाटली. इतक्या वर्षांनी तळहातांना अजून तेवढं एकच येतं.

आत्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर रांगोळी काढली होती. लाकडी टेबलावर, खडूच्या पुडीची, ताटाभोवती महिरप. "टेबलावर काढलीस?" असं पद्मजाच्या तोंडून निघालं. "पाटावर बसून उठता येणारं या घरात कोण उरलंय?" आत्या गरजली. ती नेहमी गरजूनच बोलायची. आत्याचा मुलगा माधव, त्याची बायको आणि खराडीच्या ऑफिसातून मुद्दाम लवकर आलेली त्यांची मुलगी शर्वरी, सगळे दारात उभे होते. बाबा आधीच येऊन सोफ्यावर बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी मान हलवली आणि समोरच्या पंख्याच्या रेग्युलेटरकडे पाहू लागले. आता हा दुरुस्त करायला घेतात की काय, असं पद्मजाला वाटलं. वहिनीने ओवाळलं, शर्वरीने फोटो काढले. "पद्मात्या, लिटरली सगळ्या ऑफिसला सांगितलंय मी. इट्स सो कूल! आमच्याकडे सगळे नुसते म्हणतात, जॉब सोडणार, सोडणार. सोडत कोणीच नाही." माधवने एक पाकीट तिच्या हातात कोंबलं. ती मागे सरली. "हे कशाला, माधव?"

"आहेर आहे. गप घे. मामांनी माझ्या लग्नात घड्याळ दिलंय, अजून चालतंय. तेव्हापासून मी वाट बघतोय, तुझं लग्न कधी होतंय आणि मी फेडतोय. तू काही करेनास. आता कॉलेज तर कॉलेज."

"नाहीतर माझ्या भाचीचं केळवण राहून गेलं असतं," आत्या म्हणाली. "माझ्या पोरांची सगळी केळवणं हिच्या आईने घातली. मी हिचं घालायचं म्हटलं तर हिचं लग्नच ठरेना. बस इथे. नाही, तिथे नको, इथे. माझ्यासमोर. उजेडात."

पद्मजा बसली, आणि आत्याने दिव्याची बटणं दाबून टेबलावरचा मोठा दिवा लावला. तेव्हा, ताटातल्या अळूच्या भाजीकडे पाहताना, तिला ते दिसलं. एखादं निरीक्षण वहीत वर्षानुवर्षं पडून असतं आणि अचानक त्याच्या ओळी जुळतात, तसं. आत्या नेहमीच तिला समोर बसवायची. उजेडात बसवायची. माधव मागून काही बोलला की आत्या उत्तर द्यायची नाही, आणि सगळे म्हणायचे, आज आईचा मूड नाही. फोनवर ती कुणाचं ऐकत नसे, कारण ऐकू येत नसे. आणि दर दिवाळीला ती पद्मजाला म्हणायची, "तुझ्याशी बोललं की बरं वाटतं बाई. हे बाकीचे नुसता गोंगाट करतात." पद्मजाला ते प्रेमाचं बोलणं वाटायचं. ते तर सरळ माहितीचं वाक्य होतं. सुनेने मागून "आई, वरण वाढू का?" असं दोनदा विचारलं, आत्या पद्मजाच्याच तोंडाकडे पाहत होती, आणि माधव ओरडला, "आई! वरण!"

"ओरडतोस काय? मी बहिरी आहे का?" आत्या म्हणाली.

पहिला घास घेणार तोच शर्वरीने तिचा हात धरला. "उखाणा! उखाण्याशिवाय घास नाही!" "अगं, नाव कुणाचं घ्यायचं?" वहिनी हसली. "कॉलेजचं घे! प्रिन्सिपॉलचं घे!" माधव टेबलावर थाप मारून म्हणाला, "मोठ्याने हं, पद्मे. इथपर्यंत आलं पाहिजे." सगळे तिच्याकडे पाहत होते. बाबासुद्धा. हातातला घास गरम होता, तुपाचा एक थेंब मनगटावरून कोपराकडे निघाला होता, आणि तिच्या लक्षात आलं की आता नाही सांगितलं तर मग जिलबी येईल, मग ओटी भरतील, मग पाकिटं, आणि मग सांगताच येणार नाही. ती आत्याकडे वळली. मोठ्याने सांगणं तिला जमणार नव्हतं. तिने तो नाद सोडला. आवाज अजिबात न करता, नुसत्या ओठांनी, शाळेत बोलते तसं प्रत्येक अक्षर वेगळं ठेवून ती म्हणाली, 'आत्या, बाबांनी ठेव परत ठेवली. मी जाणार नाहीये.'

"कुणी सांगितलं तुला?" आत्या एवढ्या मोठ्याने ओरडली की शर्वरीच्या हातातला फोन खाली पडला. "परत ठेवली? मंगळवारी मोडली त्याने! बँकेतून तडक इथे आला, ह्या सोफ्यावर बसला, चहा घेतला. तेच पैसे आहेत आत्ता त्याच्या खिशात!"

ती बाबांकडे वळली. मग बाबा सोफ्यावरून सावकाश म्हणाले, "शालू, तुला कुणी विचारलं?"

"हिने."

"ही कधी बोलली?"

"आत्ता! एवढी स्पष्ट तर बोलली. तुम्ही सगळे काय कान बंद करून बसलाय?"

माधवने बायकोकडे पाहिलं, बायकोने शर्वरीकडे. पद्मजाच्या हातातला घास ताटात सुटला. तिला बाबांना खूप काही विचारायचं होतं, पण तोंडातून आलं ते फक्त, "पण बर्फी—"

"मग मोडताना काय रडत यायचं?" बाबा म्हणाले. त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशावरून हात फिरवला आणि पाकीट तिथेच असल्याची खात्री केली. "आहेर जेवणानंतर द्यायचा असतो. हातात. रीतसर. म्हणून शालूला म्हटलं, तू केळवण कर. तोपर्यंत बोलू नकोस म्हटलं होतं." ते पुन्हा रेग्युलेटरकडे पाहू लागले, आणि थोड्या वेळाने, त्यालाच सांगावं तसं म्हणाले, "एवढी वर्षं नुसती ठेवतच आलो. त्यात काय मजा?"

वहिनीने डोळ्यांना पदर लावला, आणि आत्या तिला म्हणाली, "रडतेस काय, मसालेभात गार होतोय." सगळे एकदम बोलू लागले. शर्वरीला हे सगळं रेकॉर्ड झालं का ते पाहायचं होतं. झालं नव्हतं. माधव आईला पुन्हा पुन्हा विचारत होता, "आई, तुला तिचं कळलं कसं?" आणि त्याच्याकडे आत्याची पाठ असल्यामुळे उत्तर मिळत नव्हतं. पद्मजाला ते दिसत होतं, आणि आपण माधवशी यावर नंतर, नीट, त्याला बाजूला घेऊन बोलायचं हे तिने ठरवून टाकलं. शनिवारी फी. सोमवारी राजीनामा. सहा पात्रं धुऊन, पुसून, पालथी घालून ठेवायची. तिच्या मनगटावरचा तुपाचा थेंब कोपरापर्यंत पोचला होता, आणि तो पुसावासा तिला वाटत नव्हता.

"उखाणा राहिला!" शर्वरी ओरडली.

पद्मजाने घास पुन्हा उचलला. तिने आत्याकडे पाहिलं आणि आवाज न करता, ओठ सावकाश हलवत म्हणाली:

'आंबा बर्फीवर लावला चांदीचा वर्ख,
गोपाळकृष्णरावांच्या हो-नाहीत कळेना फरक.'

आत्याच्या हातातली पळी वरणात पडली. ती खुर्चीत मागे रेलून, पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. "काय म्हणाली? आई, काय म्हणाली ती?" माधव टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आला. "आजी, सांग ना! धिस इज नॉट फेअर!" शर्वरी म्हणाली.

"मी नाही सांगणार," आत्या डोळे पुसत म्हणाली. "बघा की तिच्याकडे. मी आले आजवर बघत, आता तुम्ही बघा."

बाबा सोफ्यावरून उठले. गोपाळकृष्ण हे त्यांचं नाव या घरात कुणी सहसा घेत नसे, आणि आपल्याबद्दल काहीतरी बोललं गेलंय एवढं बहिणीच्या हसण्यावरून त्यांना कळलं असावं. ते टेबलापाशी आले, आत्याच्या शेजारची खुर्ची ओढून पद्मजाच्या बरोबर समोर बसले. खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर नीट बसवला.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले. "हळू."

पद्मजाने घास ताटात ठेवला, चेहऱ्यावर दिव्याचा पूर्ण उजेड पडेल अशी सरकून बसली, आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.